हेल ऐकला आणि माणूस ठरला

आमच्या गावाचे नाव सांगितले की नवखा माणूस एकदा थबकतोच. खटकचिंचोळी! चिंचोळी त्याला चालते, कारण चिंचोळ्या पुष्कळ आहेत. पण आधीचे ते ‘खटक’ त्याला खटकते. ‘गाव फार भांडखोर आहे की काय हो?’ असा प्रश्न मला लातुरात विचारला गेला आहे, सोलापुरातही विचारला गेला आहे. कलबुर्गीकडच्या लोकांना चिंचोळी म्हटले की त्यांच्याच जिल्ह्यातला चिंचोळी तालुका आठवतो. आमची चिंचोळी बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात, एवढे सांगून होईपर्यंत समोरच्याने गावाविषयी आणि गावाबरोबर माझ्याविषयीही मत करून टाकलेले असते. गाव पाहिलेले नाही, गावचे पाणी प्यालेले नाही, तरी मत तयार!

गावाच्या नावाचे हसू होते ते सोसता येते. बोलण्यावरून माणूस ठरवला जातो तेव्हा मात्र सोसणे जड जाते, आणि हा अनुभव सीमाभागातल्या बहुतेक मराठी घरांना आहे. भालकीहून उदगीरकडे जाणाऱ्या रेल्वेत बसा. कमलनगर मागे पडते, उदगीर येते. दोहोंच्या मध्ये कुठेतरी राज्य बदलते. डब्यातली माणसे तीच, खाली पडलेली शेंगांची टरफले तीच. पण कमलनगरपर्यंत मी ‘मराठीवाला’ असतो आणि उदगीरनंतर ‘कानडी’ होतो. एकदा शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी माझ्याशी अर्धा तास झकास गप्पा मारल्या आणि उतरताना पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘कानडी असून मराठी छान बोलता की ओ तुम्ही!’’ माझ्या चार पिढ्या मराठी. मी मराठी शिकवून पोट भरतो. गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता, म्हणून हसलो. घरी येऊन सांगितले तर मंडळी म्हणाली, ‘‘मग तुमी काय म्हणलाव?’’ काय म्हणणार? थँक्यू म्हणून बसलो होतो.

दुसऱ्या बाजूचा अनुभव याहून वेगळा नाही. एका कचेरीत कामासाठी गेलो असता टेबलामागच्या तरुणाशी मी कानडीतच बोललो. मला कानडी येते, वाचता येते, लिहिता येते. पण माझ्या कानडीला मराठीचा हेल आहे. त्याने दोन वाक्ये ऐकली, वर पाहिले, ‘समितीवाले का?’ एवढेच विचारले आणि माझा कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. मी समितीचा सभासद आहे हे खरे. पण तो कागद माझ्या चुलत्याच्या सातबाऱ्याचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत पहाणीचा होता. त्यात भाषेचा प्रश्न कुठून आला?

आणि हे आजचे नाही. १९९० च्या सुमारास मी शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी महाराष्ट्रात एका गावी होतो. सराव-पाठ झाल्यावर निरीक्षकांनी माझ्या वहीत शेरा लिहिला : ‘आशय चांगला. उच्चारांवर कानडीची छाप. सुधारणा आवश्यक.’ त्या पाठात मी एकही कानडी शब्द वापरलेला नव्हता. वाक्याचा शेवट आपण थोडा उचलून धरतो, तेवढाच काय तो अपराध. पुढचे दोन महिने मी वर्गात शक्य तितके कमी बोलत असे. शिक्षक व्हायला आलेला माणूस बोलायला भिऊ लागला!

एकाच माणसाचे दोन आवाज

हा हेल आला कुठून, हे नव्या पिढीला सांगायला हवे. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत उर्दू, तांड्यावर लमाणी, आणि बिदरच्या पूर्वेला थोडे चालले की तेलुगू. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि एका बिदर जिल्ह्याचे तीन राज्यांत तुकडे पडले. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेडची बाजू आंध्रात गेली, आणि भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. त्या तारखेच्या आदल्या दिवशी भालकीचा आणि उदगीरचा माणूस एकाच जिल्ह्यातला होता. दोघांची बोली एकच होती. दुसऱ्या दिवशी एकाची बोली ‘मराठवाडी’ झाली आणि दुसऱ्याची ‘कानडी छाप’. तोंड बदलले नाही, नकाशा बदलला.

नकाशा काही म्हणो, भाषा शेजारधर्म सोडत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. गावात कानडी, मराठी, उर्दू बोलणारी घरे शतकानुशतके शेजारी राहिली. प्रत्येक घराने आपले शब्द राखले, पण वाक्ये बांधण्याची पद्धत इतकी एकसारखी झाली की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेले तरी दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार व्हावे. आपल्या कुठल्याही पारावर हेच ऐकू येईल. ज्यांना आपला हेल अशुद्ध वाटतो त्यांच्या स्वतःच्या घरातले अण्णा, अक्का, अडकित्ता आणि ताटातले तूप हे शब्द कानडीच्या अंगणातून आलेले आहेत. आणि उत्तर कर्नाटकातली कानडी घरे काका, मावशी, वैनी म्हणतात ते आपल्याकडून. ज्ञानदेवांनी तर प्रत्यक्ष विठ्ठलालाच कानडा म्हटले आहे. त्याच्या उच्चारांवर कुणी शेरा लिहिल्याचे ऐकिवात नाही.

मग कान एवढा कडक का होतो? या बाबतीत कॅनडातला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथल्या माँट्रियल शहरात इंग्रजी आणि फ्रेंच बोलणारे लोक शेजारी राहतात, आपल्यासारखीच गाठ. वॉलेस लँबर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन्ही भाषा अस्खलित बोलणारी माणसे निवडली आणि त्यांच्याकडून एकच उतारा एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना वाटले, ही सगळी वेगवेगळी माणसे आहेत. त्यांना विचारले की आवाजावरून सांगा, हा माणूस हुशार आहे का, भरवशाचा आहे का, उंच आहे का. तोच माणूस इंग्रजीत बोलला तेव्हा त्याला वरचे गुण मिळाले. फ्रेंचमध्ये बोलला तेव्हा तो कमी हुशार, कमी भरवशाचा, इतकेच नव्हे तर बुटकाही ठरला. हा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला.

यातला खरा चटका पुढेच आहे. फ्रेंच आवाजाला कमी गुण देणाऱ्यांत इंग्रज तर होतेच, पण खुद्द फ्रेंच बोलणारे श्रोतेही होते. त्यांनी आपल्याच भाषेतल्या आवाजाला खाली बसवले. वाचकहो, पुण्यामुंबईला शिकायला गेलेली आपली पोरे पहिल्या सुट्टीत घरी येतात तेव्हा आईशी कशी बोलतात ते आठवा. ‘कव्हा आलास?’ असे आईने विचारले की पोरगा मान फिरवून म्हणतो, ‘केव्हा म्हण ना गं.’ तिथे त्याला जे ऐकावे लागले तेच तो इथे आईला ऐकवतो.

‘मराठी बंद’

इथपर्यंत वाचकांनी माना डोलावल्या असतील. आपल्यावर होणाऱ्या अन्यायाची गोष्ट ऐकायला आपल्याला आवडते. समितीच्या सभेत मीही ती चांगली सांगतो. आता जी गोष्ट सांगणार आहे ती सभेत कधी सांगितलेली नाही.

भालकी तालुक्यातल्या एका गावी (गावाचे नाव देत नाही) सरकारी मराठी शाळेत २००७ च्या जूनमध्ये गणित-विज्ञानाला एक नवे शिक्षक आले. रायचूरकडचे, मातृभाषा कानडी. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, डोळ्यांवर काळा चष्मा, मोटारसायकलचा मोठा आवाज. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर वार आणि तारीख कानडीत लिहिली. झाले! संध्याकाळपर्यंत पारावर निकाल लागला होता : ‘हा मराठी शाळा कानडी करायला आलाय.’

तिसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका पोराने घरी जाऊन सांगितले, ‘नवे सर फोनवर बोलत होते, मराठी बंद म्हणले.’ पोराच्या बापाने ते पारावर सांगितले, पाराने समितीला सांगितले. रात्री बैठक बसली. माझे अक्षर बरे म्हणून निवेदन लिहायचे काम माझ्याकडे आले. ‘सदर शिक्षक मराठी भाषेविषयी आकसबुद्धी बाळगतात व मराठी माध्यम बंद करण्याची भाषा उघडपणे करतात,’ हे वाक्य माझे आहे. ‘उघडपणे’ हा शब्दही माझाच. खाली पन्नासएक सह्या आणि अंगठे पडले.

आपल्या निवेदनांचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षे पोच मिळत नाही. हे एकच निवेदन माझ्या आठवणीत असे आहे की जे पंधरा दिवसांत मंजूर झाले. शिक्षकांची बदली झाली. आम्ही पेढे वाटले नाहीत, पण वाटल्यासारखेच तोंड गोड झाले होते.

ते गेल्यावर दहाएक दिवसांनी शाळेत पुस्तकांचे गठ्ठे आले. पाचवी ते सातवीची मराठी माध्यमाची गणिताची पुस्तके. आपल्याकडे मराठी पुस्तके उशिरा येतात हे नवीन नाही. दिवाळीपर्यंत वाट पाहिल्याची वर्षे मला आठवतात. या वेळी जुलैतच कशी आली? मुख्याध्यापकांनी फाईल काढून दाखवली. त्या शिक्षकांनी तीन आठवड्यांत वरच्या कचेरीला तीन पत्रे लिहिली होती आणि दोनदा पदरच्या पेट्रोलने जाऊन आले होते. पहिल्या आठवड्यात व्हरांड्यात उभे राहून ते फोनवर कानडीत कळकळीने सांगत होते ते वाक्य मुख्याध्यापकांना पाठ होते : ‘मराठी पुस्तक बंदिल्ला.’

कानडी जाणणाऱ्या वाचकांना पुढचे सांगायला नको. ‘बंदिल्ला’ म्हणजे ‘आले नाही’. मराठी पुस्तक आले नाही, असे तो माणूस सांगत होता. पोराच्या कानाला त्यातले ‘मराठी’ कळले आणि ‘बंद’ कळले. पाचवीतले पोर ते. त्याचा काय दोष? पण पारावरच्या निम्म्या लोकांना कानडी येते. मला तर उत्तम येते. ‘नक्की काय म्हणाले रे ते?’ एवढे त्या पोराला कुणी विचारले नाही. विचारायची गरजच वाटली नाही, कारण काळा चष्मा आणि फळ्यावरची कानडी तारीख पाहून आम्ही आधीच निकाल लावून मोकळे झालो होतो. आम्हाला फक्त साक्षीदार हवा होता, तो मिळाला.

त्यांची जागा पुढच्या जूनपर्यंत रिकामी राहिली. गणिताला कोणीही नव्हते. नवी कोरी पुस्तके होती, शिकवणारा नव्हता. त्या वर्षीची सातवीची पोरे पुढे आठवीला माझ्या शाळेत आली, तेव्हा अर्ध्याला पावाने भागणे त्यांतल्या बहुतेकांना येत नव्हते. त्यातल्या काहींनी दहावीत गणितावरच शाळा सोडली. सीमाभागातली मराठी शाळा टिकली पाहिजे असे आम्ही म्हणतो, तेव्हा ती कुणी कुणी मोडली याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा झाला तर त्यात एक ओळ माझ्या सुंदर अक्षरातली आहे.

जुन्या छापखान्यांत एक पद्धत होती. खिळे जुळवून पान तयार झाले की त्याचा साचा घेत आणि त्यात शिसे ओतून अखंड पत्रा तयार करीत. मग त्या एका पत्र्यावरून हव्या तितक्या प्रती काढाव्या. पुन्हा खिळे जुळवायला नकोत. त्या पत्र्याला इंग्रजीत स्टिरिओटाइप म्हणत. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ मध्ये हाच शब्द माणसाच्या मनाला लावला : आपल्या डोक्यातही असे तयार पत्रे असतात आणि समोर कोणी आले की आपण त्याला पाहत नाही, पत्रा लावून प्रत काढतो. ‘कानडी मास्तर’ हा आमच्याकडचा पत्रा तयार होता. ‘समितीवाला’ हा त्या कचेरीतल्या तरुणाकडचा. दोन्ही पत्र्यांवर छपाई जोरात चालू आहे. इतके मात्र खरे की आमच्याकडचा पत्रा उगाच तयार झाला नव्हता. निवेदनांना उत्तरे न मिळाल्याने, फलकांवरून मराठी गेल्याने तो घडला होता. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आपण वाट पाहत राहिलो. या वाट पाहण्याने माणसाचा कान संशयी होतो. पण तो संशय खरे तर ज्याच्यावर असायला हवा तो कचेरीत दूर बसलेला असतो, आणि हाताशी सापडतो तो मोटारसायकलवरून आलेला एखादा मास्तर.

शेवटचा बाक

दुसरी गोष्ट याहून जुनी, १९९६ ची. माझ्या वर्गात पाचवीला तांड्यावरची एक मुलगी आली. ‘तुझे संपूर्ण नाव सांग,’ असे मी विचारले. गप्प. वडिलांचे नाव? गप्प. तीन आणि चार किती? गप्प. तिला शेवटच्या बाकावर बसवले आणि माझ्या टिपणवहीत तिच्या नावापुढे लिहिले : मंद. पुढचे चार महिने मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली की पोरे तिच्या पिशवीकडे बघत, आणि मी बघणाऱ्यांना रागावत असे, पण एकदा पिशवी उघडायलाही लावली. पेटी तिच्या पिशवीत नव्हती.

दिवाळीच्या आसपास भालकीच्या बाजारात ती आईबरोबर सीताफळे घेऊन बसलेली दिसली. आईशी लमाणीत, एका गिऱ्हाइकाशी कानडीत, दुसऱ्याशी दख्खनीत, आणि घासाघीस तिन्ही भाषांत. एका म्हातारीला तिने पन्नासच्या नोटेचा हिशेब माझ्यासमोर तोंडी केला. मी वाकून विचारले, ‘वर्गात का गं बोलत नाहीस?’ ती आपल्या साध्या मराठीत म्हणाली, ‘सर, तुमी लई मारता म्हणले पोरं.’

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासात आम्हाला रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८ चा प्रयोग होता. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत शिक्षकांना सांगितले गेले की ही ठराविक मुले या वर्षी मोठी झेप घेणार आहेत. प्रत्यक्षात ती मुले चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही निवडलेली होती. वर्षाअखेर लहान वर्गांतली तशी मुले खरोखर पुढे गेलेली आढळली. पुढे या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाले, परिणाम वाटतो तेवढा मोठा नाही असेही सिद्ध करणारे निघाले. वाद करणाऱ्यांनी करावा. मी परीक्षेत या प्रयोगावर दहापैकी आठ गुण मिळवले होते, आणि तरी शेवटचा बाक भरला होता.

तांड्याकडे, पारध्यांकडे, कैकाड्यांकडे बघण्याची ही नजर पोरांनी घरून आणलेली असते आणि घरांनी ती सरकारकडून घेतलेली आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदाच केला की अमुक जमातीत जन्मला तो गुन्हेगार. पाळण्यातल्या पोराची पारख ठाण्याच्या नोंदवहीत! हा कायदा रद्द झाला १९५२ च्या ऑगस्टमध्ये. माझ्या वर्गात कंपासपेटी हरवली तेव्हा त्याला चव्वेचाळीस वर्षे होऊन गेली होती.

कणगीतली पुस्तके

माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. म्हातारपणापर्यंत हिशेब उर्दूत लिहीत, हैदराबादचे उर्दू वर्तमानपत्र मिळाले की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. बसस्थानकावर ते पेपर वाचत बसले की अनोळखी माणूस ‘सलाम’ करी आणि ते वर न बघता ‘वालेकुम’ म्हणत. त्यांना त्याचे काही वाटत नसे.

पण १९४८ ची आठवण निघाली की त्यांचा आवाज बदले. त्या वर्षी मे महिन्यात रझाकारांनी बसवकल्याणजवळच्या गोरट्यात जे केले त्याने सारा मुलूख हादरला होता. सप्टेंबरात पोलिस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, आणि मग उलटा फेरा आला. पंडित सुंदरलाल यांची समिती त्या वर्षाअखेर इकडे फिरून गेली. तिचा अहवाल कित्येक दशके बाहेर आला नाही. आता तो वाचायला मिळतो. हिंसेची सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून त्यात चार जिल्हे सांगितले आहेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. आपलेच सगळे. मेलेल्यांत रझाकार किती आणि ज्यांचा दोष फक्त टोपी, दाढी किंवा नाव एवढाच होता असे किती, याची निवड त्या दिवसांत कुणी केली नाही. वडील तेव्हा तेरा वर्षांचे. आजीने त्यांची उर्दूची पुस्तके ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवली, कारण पोराच्या हातात ती लिपी पाहून कोणी काय समजेल याचा भरवसा नव्हता. पुस्तके नंतर काढली तेव्हा त्यांना ज्वारीचा वास येत होता, असे ते सांगत.

याच बिदरच्या दरबारात एकदा एक महार आला होता, ही कथा आपल्या प्रत्येक गावात कीर्तनात होते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे लोकांसाठी उघडली, म्हणून त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला, आणि घोंगडी-काठीचा विठू महार होऊन विठोबाने बिदरला पैसे भरले, पावती घेतली. कीर्तनकार इथे थांबतो आणि सारे गाव डोळे पुसते. मी स्वतः पुसतो. मग आरती होते, प्रसाद होतो, आणि प्रसादाच्या वेळी कोण कुठे बसले आहे हे कुणी बघत नाही, कारण ते सर्वांना आधीच माहीत असते.

ते रायचूरकडचे शिक्षक मला मागल्या वर्षी हुमनाबादच्या बसस्थानकावर भेटले. आता निवृत्तीला आलेले, चष्मा साधा, मोटारसायकल नाही. मी त्यांना विभूतीवरून ओळखले; त्यांनी मला कशावरून ओळखले कोण जाणे. त्या निवेदनाचे अक्षर माझे होते हे त्यांना ठाऊक होते की नाही, हे मला आजही कळलेले नाही. मी कानडीत बोलायला लागलो तर ते मराठीत बोलायला लागले. बदलीनंतर औरादकडे पुन्हा एका मराठी शाळेतच नऊ वर्षे काढल्याचे त्यांनी सांगितले. त्यांचे मराठी चांगले होते, शब्द नेमके होते. पण खरे सांगतो, ते दोन वाक्ये बोलले आणि माझ्या कानाने आधी टिपला तो हेल.

‘‘त्या शाळेत पुस्तक वेळेवर येतंय काय ओ आता?’’ त्यांनी विचारले.

मी म्हटले, येतात, कधी कधी उशीर होतो. ‘‘पत्र लिहीत राहायचं,’’ ते म्हणाले. तेवढ्यात बिदरची गाडी लागली आणि ते पिशवी उचलून निघाले. मला जे बोलायचे होते ते बोलायचे राहूनच गेले. म्हणून इथे लिहिले आहे. ते मराठी पेपर वाचतात असे म्हणाले होते.